चित्रातला घोडा आणि खऱ्या नावाचा शिपाई

'झुलू' हा १९६४ सालचा युद्धपट ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांना त्यातल्या चुकाही तोंडपाठ असतात. दक्षिण आफ्रिकेतल्या रोर्क्स ड्रिफ्ट या मिशनच्या ठाण्यावर २२ जानेवारी १८७९ च्या दुपारपासून दुसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंत सुमारे दीडशे ब्रिटिश शिपायांनी तीन ते चार हजार झुलू योद्ध्यांना थोपवून धरले, त्या लढाईची ही गोष्ट. दिग्दर्शक साय एंडफील्ड. लेफ्टनंट चार्डच्या भूमिकेत स्टॅनली बेकर, लेफ्टनंट ब्रॉमहेडच्या भूमिकेत मायकेल केन. आता चुका. अधिकाऱ्यांच्या हातातले वेब्ली रिव्हॉल्व्हर पहिल्या महायुद्धाच्या काळातले आहे. शिपायांकडे एकेक काडतूस भरायच्या मार्टिनी-हेन्री बंदुका हव्यात. पण काहींच्या हातात कितीतरी वर्षांनंतर आलेल्या बोल्टच्या रायफली दिसतात. डोक्यावरची हेल्मेटे परेडला निघाल्यासारखी पांढरीशुभ्र. मोहिमेवर शिपाई ती मुद्दाम मळकट करून टाकत. पाठीमागे ड्राकेन्सबर्गचे भव्य कडे उभे आहेत. प्रत्यक्षातले ठाणे तिथून बरेच दूर, बफेलो नदीजवळ, शियाने नावाच्या टेकडीच्या पायथ्याशी. ऐन रणात पलटण वेल्श गीत गाते. पण ही २४ वी पलटण तेव्हा वॉरिकशायरच्या नावाने ओळखली जात होती, वेल्सचे नाव तिला १८८१ मध्ये मिळाले, आणि त्या रात्री असे काही गायले गेल्याचा पुरावा नाही. कलर सार्जंट बोर्न हा खरा चोवीस वर्षांचा, बेताच्या उंचीचा तरुण. पडद्यावर तो चाळिशीला टेकलेला धिप्पाड नायजेल ग्रीन आहे.

अशा याद्या करणाऱ्यांची टिंगल करण्याची रीत आहे. माणसे मरताहेत, इमारत पेटली आहे, आणि हा गृहस्थ बंदुकीचा बोल्ट बघत बसलाय, असे म्हणून लोक हसतात. ही टिंगल मला मान्य नाही. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण आहे ते आप्ताचा शब्द म्हणून, म्हणजे ज्याला वस्तुस्थिती ठाऊक आहे आणि जो ती आहे तशी सांगू इच्छितो अशाचा. सांगणारा बारीकसारीक गोष्टींत बेफिकीर असेल तर मोठ्या गोष्टींत त्याच्यावर किती विसंबायचे, हा प्रश्न रास्त आहे. चुका शोधणारा माणूस निदान तो प्रश्न जागा ठेवतो. त्याचे बिघडते ते दुसरीकडे. तो सगळ्या चुका एकाच वहीत, एकाखाली एक, सारख्याच अक्षरात लिहितो आणि प्रत्येक चूक वस्तुस्थितीपासून किती लांब गेली एवढेच मोजतो. माझे म्हणणे असे की चुकीचे वजन या अंतरावर ठरत नाही. ती चूक कोणाच्या वाट्याचे काय काढून घेते, यावर ते ठरते. हे मान्य केले तर वरच्या यादीतले जवळजवळ सगळे तळाला जाते आणि त्या यादीत ज्यांचा उल्लेखही नाही अशा दोन-तीन गोष्टी वर येतात.

आधी सर्वांत निरुपद्रवी प्रकार घेऊ, कंटिन्युइटीच्या चुकांचा. चित्रपट गोष्टीच्या क्रमाने चित्रित होत नाही. पडद्यावर दोन मिनिटांत संपणारी चकमक चित्रित करायला कित्येक दिवस लागतात, आणि मग एकाच संवादात सावली एकदा लांब तर एकदा आखूड पडते, डाव्या दंडावरची पट्टी उजव्या दंडावर जाते, तोफेचा धूर पुढच्या शॉटमध्ये नाहीसा होतो. इथे कोणते सत्य मोडले? बाहेरच्या जगातले कोणतेच नाही. त्या पट्टीबद्दल इतिहासाचे काहीच म्हणणे नसते. मोडला तो चित्रपटाने स्वतःशी केलेला करार. ॲरिस्टॉटलने काव्यातल्या दोषांचे दोन भाग केले: एक कलेच्याच अंगचा, दुसरा आनुषंगिक. हरिणीला शिंगे नसतात हे चित्रकाराला ठाऊक नसणे हा त्याच्या मते हलका दोष. हरीण हरणासारखे न वठणे हा भारी. या हिशेबाने दंडावरून दंडावर गेलेली पट्टी हा कलेचा दोष आणि वेब्ली रिव्हॉल्व्हर ही शिंगवाली हरिणी.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार याहून खोलवर झाला आहे. नवव्या शतकाच्या सुमारास काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या श्रीशंकुकाचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्याचे मत कळते ते मुख्यतः अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरच्या टीकेत खोडून काढताना दिले म्हणून. नट पाहून 'हा राम' असे जे आपल्याला वाटते ते ज्ञान कोणत्या प्रकारचे, असा शंकुकाचा प्रश्न. ते सम्यक ज्ञान नाही, कारण नट राम नाही हे आपल्याला ठाऊक असते. ते मिथ्या ज्ञान नाही, कारण नंतर 'अरे, फसलो' असा बाध होत नाही. हा राम की नव्हे असा संशयही नसतो, आणि हा रामासारखा आहे अशी तुलनाही आपण करत नाही. भिंतीवर काढलेला घोडा बघून आपण 'घोडा' म्हणतो, तसे हे चौघांहून निराळे ज्ञान. याला चित्रतुरगन्याय म्हणतात. चुका काढणाऱ्याला गप्प करायला याहून चांगले शस्त्र नाही: चित्रातल्या घोड्याला खरारा केलाय का, हे कोणी विचारत नाही. अभिनवगुप्ताने शंकुकाचे हे मत मानले नाही. पण रसाच्या वाटेवरची जी सात विघ्ने त्याने मोजली त्यांत पहिलेच संभावनेच्या अभावाचे आहे. समोर घडते ते शक्यच वाटेना, तर प्रेक्षकाचे मन त्यात शिरत नाही. कंटिन्युइटीच्या चुकीची इतकी नेमकी व्याख्या कुठल्या चित्रपटविषयक पुस्तकात सापडणे कठीण. पट्टीने दंड बदलला की मन बाहेर फेकले जाते. बंदुकीचे मॉडेल चुकले तर फक्त जाणकाराचे फेकले जाते. दोन्हीकडे नुकसान प्रेक्षकाचे, आणि तेही क्षणापुरते.

इथवर सगळे सोपे आहे. पण या पहिल्या विघ्नावर अभिनवगुप्त जो उपाय सांगतो त्याकडे युद्धपटांचे वकील लक्ष देत नाहीत. साध्या, लोकांच्या अनुभवातल्या गोष्टी असतील तर प्रेक्षकाचे मन आपोआप मिळते. पण अलौकिक पराक्रम दाखवायचा असेल तर राम वगैरे प्रख्यात नावे घ्यावीत, कारण अखंड प्रसिद्धीमुळे त्या नावांमागे लोकांचा गाढ विश्वास उभा असतो. म्हणजे अभिनवगुप्ताच्या मते नाव ही नुसती खूणचिठ्ठी नाही. कवीला स्वतःच्या बळावर मिळवता आला नसता असा विश्वास नाव मिळवून देते. तो विश्वास उसना असतो, आणि उसन्याची परतफेड करावी लागते.

'झुलू' हे उसने किती घेतो ते त्याच्या शेवटी दिसते. लढाई संपते आणि रिचर्ड बर्टनच्या खर्जातल्या आवाजात, या ठाण्यावर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या अकरा जणांची नावे एकेक करून वाचली जातात. हे चित्रातल्या घोड्याचे वागणे नाही. इथे चित्रपट म्हणतो की हे घडले, ही माणसे होती, ही त्यांची नावे. प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो तो याच क्षणी, आणि तो कलेपेक्षा साक्षीच्या जोरावर येतो. त्या यादीत प्रायव्हेट हेन्री हूक हे नाव आहे.

पडद्यावरचा हूक कामचुकार, चोरटा, दारूसाठी हपापलेला शिपाई आहे. जळत्या इस्पितळातही त्याचा हात ब्रँडीच्या बाटलीकडे जातो. खरा हेन्री हूक ग्लॉस्टरशायरचा, दारूला न शिवणारा आणि चांगल्या वर्तणुकीबद्दल वाढीव पगार मिळवणारा शिपाई होता. इस्पितळात तो आजारी म्हणून पडलेला नव्हता. तिथे स्वयंपाकाचे काम त्याच्याकडे होते आणि हल्ल्याच्या वेळी रुग्णांच्या रक्षणासाठी त्याला नेमले होते. इस्पितळ पेटल्यावर मातीच्या भिंतींना भोके पाडत, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, आजाऱ्यांना ओढून नेण्याचे काम त्याने आणि त्याच्या साथीदारांनी केले. दाराशी संगीन धरून तो उभा राहिला. ऑगस्ट १८७९ मध्ये त्याच ठाण्यावर सर गार्नेट वोल्झलीच्या हस्ते त्याला पदक मिळाले. पुढे तो ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरीला लागला आणि वाचायला येणाऱ्यांच्या छत्र्या सांभाळू लागला. १९०५ मध्ये वारला. चित्रपट बघायला गेलेल्या त्याच्या वृद्ध मुली मध्येच उठून निघून गेल्या असे सांगतात, आणि त्यात नवल काहीच नाही. ज्या नावाचा विश्वास उसना घेतला, त्याच नावाला चित्रपटाने काळे फासले.

यावर पहिला आक्षेप आपल्याच परंपरेतून येईल, आणि तो तगडा आहे. आनंदवर्धनाने ध्वन्यालोकात कवीला मोकळीकच दिली आहे: इतिहासातून आलेले कथानक रसाला अनुकूल नसेल तर ते मोडावे आणि दुसरे रचावे, कारण घडले ते सांगण्याचे काम इतिहासच करतो, त्यासाठी कवीची गरज नाही. महाभारतातल्या दुष्यंताला शकुंतला चांगली आठवत असते. तरी लोकापवादाच्या भीतीने तो भर सभेत तिला नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणली, आणि त्या नाकारण्याचा अर्थच बदलून टाकला. मग एंडफील्डने एका शिपायाला बदमाश केले, बदमाशाचा वीर होताना दाखवला, तर बिघडले कुठे? नाट्याला चढण मिळाली. याचे पहिले उत्तर आनंदवर्धनच देतो: जी कथा लोकांच्या मनात आधीच रसरूपाने सिद्ध आहे तिच्यात मनमानी फिरवाफिरव करू नये. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुष्यंत आणि हूक यांच्या स्थितीतला फरक. कालिदासाच्या प्रेक्षकाला महाभारतातली कथा ठाऊक होती. बदल त्याच्या डोळ्यांसमोर झाला आणि मूळ कथा शाबूत राहिली. हूकची मूळ कथा १९६४ च्या प्रेक्षकाला ठाऊक असण्याचा संभवच नव्हता. बहुतेकांनी हूकबद्दल आयुष्यात जे काही ऐकले ते एवढेच. एकाच ग्रंथावर दुसरा ग्रंथ चढवणे वेगळे आणि ज्याचा एकुलता एक दाखला आपण देत आहोत त्या माणसाचा दाखला फिरवणे वेगळे. शिवाय काम साधे होते. बदमाश हवा होता तर काल्पनिक नावाचा शिपाई घालता आला असता. नाट्याची चढण तितकीच राहिली असती.

मग नियम असा काढायचा का, की मेलेल्यांना मोठे करावे, छोटे करू नये? मोह होतो, पण हा नियम टिकत नाही, आणि त्याचा पुरावा याच चित्रपटात आहे. शेवटी झुलू योद्धे टेकडीवर पुन्हा जमतात. आता सगळे संपले असे शिपायांना वाटते, आणि हल्ला करण्याऐवजी ते योद्धे गाऊन शत्रूच्या शौर्याला सलाम करतात आणि निघून जातात. प्रसंग देखणा आहे. दोन्ही बाजूंना उदात्त करतो, कोणाची बदनामी करत नाही. आणि तो घडलेला नाही. सकाळी एक झुलू तुकडी लांबच्या टेकडीवर दिसली आणि थोड्या वेळाने दिसेनाशी झाली, एवढे घडले; ते लोक दोन-तीन दिवसांचे उपाशी होते आणि ब्रिटिश सेनापती लॉर्ड चेम्सफर्डची कुमक जवळ येत होती. त्यानंतर जे घडले ते चित्रपटात नाही. ठाण्याभोवती पडलेल्या जखमी झुलूंना हिंडून हिंडून ठार मारण्यात आले. आदल्याच दिवशी इसांडलवाना इथे ब्रिटिशांच्या बाजूची तेराशेहून अधिक माणसे मारली गेली होती, तिथे झुलूंनीही हाती लागलेल्या कोणाला जिवंत सोडले नव्हते, आणि ते दृश्य पाहून आलेल्या शिपायांचा राग समजण्यासारखा आहे. तरीही घडले ते घडले. ठाण्याभोवती ३५१ झुलू प्रेते मोजून पुरल्याची नोंद आहे. ठाण्याच्या बाजूची सतरा माणसे गेली. झुलूंच्या मृतांचा आकडा लढाईत पडलेल्यांचाच नव्हे, हे त्या सलामामुळे प्रेक्षकाला कधी सुचतसुद्धा नाही. जिथे कत्तल होती तिथे चित्रपटाने वंदन ठेवले. रायफलीच्या मॉडेलबद्दल हळहळणारे या सलामाबद्दल बोलतात ते 'हे काल्पनिक आहे, पण किती सुंदर!' असे म्हणून. मुसळ केरात जाते ते असे.

म्हणून कसोटी स्तुती की निंदा ही नव्हे. हूकच्या बाबतीत एका माणसाचे चारित्र्य गेले, सलामाच्या बाबतीत शेकडो माणसांचा मृत्यू कसा झाला हेच गेले, आणि दुसरे नुकसान पहिल्याहून मोठे आहे, त्यावर गाण्याचा साज चढवला म्हणून अधिकच.

दुसरा आक्षेप तत्त्वज्ञानातला जुना आक्षेप आहे: मेलेल्याचे नुकसान होऊ शकते का? एपिक्यूरसच्या मते मृत्यू आला की आपण नसतो. जो नाही त्याला काही लागत नाही. चार्वाकांचे श्राद्धावरचे हसे याच जातीचे. हूक मेला, झुलू मेले. चित्रपट त्यांच्यापर्यंत पोचत नाही. मग अन्याय कोणावर? इथे मृतांना कुठे तरी ऐकू जाते असे मानायची गरज नाही. आपल्याकडे पितरांचे नाते ऋणाच्या भाषेत मांडले गेले आहे, आणि ऋण फेडताना सावकाराला सुख वाटते का हा मुद्दा नसतो. ते ऋण आपल्या अंगावर असते. सर्वपित्री अमावास्येला ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठीही पान वाढले जाते. त्यांचे नाव, गाव, मरणाचा दिवस हरवला असला तरी ते होते आणि गेले, एवढ्या वस्तुस्थितीला मान देण्याची ही रीत आहे. कर्मकांड सोडून दिले तरी त्यामागचा विचार चार्वाकालाही नाकारायचे कारण नाही: भूतकाळ बदलत नाही, त्यामुळे त्याबद्दलचे विधान खरे किंवा खोटे असते, आणि खोट्याची जबाबदारी जिवंत बोलणाऱ्यावर येते. हूकच्या मुलींचे उठून जाणे हा या ऋणाचा पुरावा नव्हे. मुली नसत्या तरी ऋण तेवढेच राहिले असते. त्या ३५१ जणांची मुले लंडनच्या थिएटरात नव्हती.

तिसरा आक्षेप व्यवहारातला, आणि चित्रपट करणारे तो नेहमी पुढे करतात. सव्वादोन तासांत सगळे बसत नाही. काही तरी वगळावेच लागते, आणि वगळणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. तत्त्व म्हणून हे खरे आहे. पण काय वगळले ते बघावे. चित्रपटात एक घाबरलेला शिपाई विचारतो की हे आपल्याच वाट्याला का, आणि सार्जंट त्याला सांगतो ते एवढेच की आपण इथे आहोत म्हणून. उत्तर शिपायाच्या तोंडी शोभते. चित्रपटाच्या तोंडी ते लबाड आहे. ते शिपाई तिथे का होते, याला एक माणूस जबाबदार होता आणि मराठी वाचकाला तो परका नाही: सर बार्टल फ्रिअर. १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचा गव्हर्नर, फोर्टाची तटबंदी पाडायला लावणारा, ज्याच्या नावाचा रस्ता मुंबईत होता तोच. त्याआधी तो साताऱ्याला रेसिडेंट होता. १८४८ मध्ये छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले तेव्हा दत्तकाचा हक्क मानावा, राज्य खालसा करू नये, असे त्याने सरकारला कळवले होते. डलहौसीने ऐकले नाही. तीस वर्षांनी तोच फ्रिअर दक्षिण आफ्रिकेत हाय कमिशनर झाला आणि लंडनची संमती नसताना, ११ डिसेंबर १८७८ रोजी, झुलू राजा सेत्स्वायो याच्यापुढे त्याने निर्वाणीच्या मागण्या ठेवल्या. त्यात सैन्यव्यवस्था मोडून टाकण्याची मागणी होती, म्हणजे राजाने स्वतःचे राज्य स्वतःच मोडावे. मुदत संपताच ११ जानेवारीला ब्रिटिश फौज झुलूंच्या मुलखात शिरली. झुलू सेनानी डाबुलामान्झीने राजाचा हुकूम मोडून नदी ओलांडली आणि ठाण्यावर हल्ला केला हे खरे; पण आक्रमण अकरा दिवसांपूर्वीच सुरू झाले होते, उलट्या दिशेने. चित्रपटात फ्रिअरचे नाव नाही. दोन वाक्यांची जागा लागली असती. सुरुवातीला इसांडलवानाच्या पराभवाचे वृत्त वाचून दाखवायला तेवढी जागा काढलीच आहे. कारण गाळून परिणाम तेवढा दाखवला की वेढ्यात अडकलेला माणूस आपोआप निरपराध ठरतो आणि टेकडीवरून उतरणारा आपोआप संकट ठरतो. यात एकही विधान खोटे नाही. म्हणूनच चुकांच्या कुठल्याही यादीत हे येत नाही.

जागा नव्हती या सबबीचे उत्तर पुढे एंडफील्डनेच दिले. इसांडलवानावरच्या 'झुलू डॉन' या १९७९ सालच्या चित्रपटाच्या पटकथेत त्याचा हात आहे. त्यात फ्रिअर आहे, जॉन मिल्सने तो केला आहे; निर्वाणीच्या मागण्या आहेत, आणि हे युद्ध कोणी कशासाठी ओढवून आणले ते पंधरा वर्षे उशिरा का होईना पडद्यावर आले आहे. तो चित्रपट पडला. लोक अजूनही बघतात तो 'झुलू', आणि त्यात हेन्री हूक अजूनही दारूच्या बाटलीकडे हात नेतो.